पार्क्स कुठल्या कोर्सला गेला होता?

उनाड तिपाई: 'गॉर्डन पार्क्स रस्त्यावर शिकला, तेव्हा कोर्सवर पैसे उधळू नका' या पोस्टवर लाइकचा पाऊस बघून राहवलं नाही. पार्क्स म्हणजे अमेरिकेतला गाजलेला काळा फोटोग्राफर. पहिला कॅमेरा सिएटलच्या गहाणवटीच्या दुकानातला, मान्य. पण 1942 साली वॉशिंग्टनला एफएसए या सरकारी खात्याच्या फोटो विभागात गेल्यावर विभागप्रमुख रॉय स्ट्रायकरने कॅमेराच काढून घेतला. म्हणाला, आधी शहरात फिर. कोट घे, जेव, सिनेमा बघ. काळ्या माणसाला कुठेच दाद नाही. मग तिथेच साफसफाई करणाऱ्या एला वॉटसनला त्याने अमेरिकन झेंड्यासमोर झाडू-मॉपसकट उभं केलं. त्यावर स्ट्रायकर म्हणे, आता तिच्यासोबत काम करत राहा. म्हणून पार्क्स तिच्या घरी, चर्चमध्ये जात राहिला. याला शिकवणं नाही म्हणत?

शटरसम्राट: पोस्ट माझीच आहे. गुरू भेटणं वेगळं, दोन लाख फी वेगळी. न्यूयॉर्कचे कामोइंगेवाले, म्हणजे काळ्या फोटोग्राफरांचा गट, 1963 पासून एकमेकांच्या घरी जमून एकमेकांच्या प्रिंटची सालटी काढायचे. फुकट.

जुना रोलवाला: माझं दुखणं वेगळंच. कोर्समध्ये प्रकाश मोजणारा मीटर शिकवला, काळी त्वचा नाही. मीटर सगळं करड्यावर आणतो. काळा चेहरा फ्रेमभर आला की पांढराफटक पाडतो. एक्स्पोजर स्टॉपभर, म्हणजे निम्म्यावर, खाली आणा! फिल्मच्या काळात कोडॅकच्या शर्ली कार्डावर गोरी बाई असायची, लॅब तिच्यावरून रंग जुळवायची. न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या रॉय डीकरावा या काळ्या फोटोग्राफरने काळोख काळोखच ठेवला आणि त्यातच चेहरा दाखवला.

मांडव स्टुडिओ: खाली आणा? लग्नात आणून दाखवा. एका सासूबाईंनी अख्खा अल्बम परत पाठवला, 'सून एवढी काळी कशी?' हळदीचा पिवळा गेला तरी चालेल, तोंड दोन शेड उजळ हवं. पोट भरू की डीकरावा होऊ?

जुना रोलवाला: म्हणजे शर्ली कार्ड आता तुमच्या फोटोशॉपात राहायला आलंय.

मांडव स्टुडिओ: पेन्शन खाऊन बोलणं सोपं असतं, काका.

उनाड तिपाई: अहो, धागा पार्क्सचा आहे! आणि एला वॉटसनवर हळहळणाऱ्यांपैकी कितींनी सुधारक ओलवेंचे मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो बघितलेत?

शटरसम्राट: बघितलेत, शाळा घेऊ नका. बरं, 'फीवाला कोर्स नको' असं दुरुस्त करतो. झालं समाधान?

उनाड तिपाई: उपकार झाले.

मांडव स्टुडिओ: काका, एक राहिलं. त्या सूनबाईंनी न उजळलेल्या फाइल्स गुपचूप मागून नेल्या. पण बिल सासूबाईंनी भरलं.