काठीने फक्त बोलायची पाळी ठरते
वर्गात मुलांना गोलात बसवून 'बोलायची काठी' फिरवायची, ती ज्याच्या हातात तोच बोलणार; एवढं केलं की मुलं आपोआप ऐकायला लागतात असं म्हणतात, ते अर्धंच खरं. काठीमुळे मध्ये तोंड घालणं थांबतं. पण पाळीची वाट पाहणारं मूल ऐकत नसतं, मनात स्वतःचं वाक्य जुळवत असतं. गोलात ३० जण बसवले तर विचारूच नका. ६ ते ८ पुरेत. काठी पुढे देण्याआधी सगळ्यांनी ३ सावकाश श्वास गप्प राहायचं. न बोलता काठी पुढे दिली तरी चालेल, आणि ही मुभा खरीखुरी हवी.

खरं ऐकणं शिकवायचं तर ऑस्ट्रेलियातल्या डेली नदीकाठच्या आदिवासींचं 'दादिरी' बघा. तिथल्याच शिक्षिका मिरियम-रोझ उंगुनमेर-बाउमान यांनी १९८८ मध्ये ते बाहेरच्यांना उलगडून सांगितलं: आतून खोल ऐकणं, आणि शांत, स्थिर भान. त्यात प्रश्नांची सरबत्ती नाही; बघत, ऐकत, थांबत शिकायचं. आपल्या वर्गात नेमकं हेच बिघडतं, कारण प्रश्न विचारून दुसऱ्या सेकंदाला गुरुजीच उत्तर देऊन मोकळे! सुरुवात अंगणात ३ मिनिटं बसण्यापासून करा, डोळे उघडे ठेवून. लगेच 'काय ऐकलंस?' विचारलंत, तर मुलं उत्तरापुरतंच ऐकतील.