पूल नाही, विमानतळ नाही, इस्पितळही नाही: असं बेट राहायला घ्यावं का?

वल्हेकरी

निळी_रेघ यांनी परवा लिहिलं की परदेशात एखाद्या बेटावर कायमचं राहायचं असेल तर जिथे पूल नाही, विमानतळ नाही, एटीएमसुद्धा नाही असंच बेट निवडा, बाकी सगळ्यांचा बाजार झालाय. त्यावर "मी पण निघालो" म्हणणारे पाच-सहा जण बघितले आणि राहवेना, म्हणून लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी चार वर्षं थायलंडमधल्या को जुमवर राहिलोय. को लांताच्या शेजारचं छोटं बेट, पूल नाही, विमानतळ नाही, तुमच्या यादीत अगदी फिट्ट बसेल. तिसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये बायकोला ताप आला. तीन दिवस पॅरासिटामॉलवर काढले, चौथ्या दिवशी ताप उतरला आणि आम्ही सुटकेचा श्वास टाकला. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरा धोका सुरू होतो हे तेव्हा माहीत असतं तर! दुपारपर्यंत तिच्या पोटात कळा आणि हिरड्यांतून रक्त. बेटावरच्या दवाखान्यातल्या नर्सने सलाईन लावलं आणि सांगितलं, आत्ताच्या आत्ता मुख्य भूमीवर क्राबीला न्या. लाटा बघून दोन होडीवाल्यांनी नाही म्हटलं, तिसरा तयार झाला. लेम क्रुआतच्या धक्क्यापर्यंत मी सलाईनची बाटली हातात वर धरून बसलो होतो, उजवा भरून आला की डावा, शेवटी छपराच्या दांडीला टॉवेलने बांधली. ती वाचली, ठणठणीत आहे. पण त्या दिवसापासून "जितकं दूर तितकं छान" असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

बेट निवडताना आधी हे विचारा, की रात्री दोन वाजता, पावसाळ्यात, रक्त चढवायची सोय असलेल्या इस्पितळात पोचायला किती तास लागतील. समुद्राचा रंग नंतर बघा.

निळी_रेघ

वहिनींचं वाचून खरंच वाईट वाटलं. पण मुद्दा पटला नाही. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात होतो, दिवसा चावतो, आणि शहरात तर त्याचं राज्यच असतं, मग शहरातच बसून राहायचं का?

मी आधी थायलंडच्याच को समुई बेटावर दोन वर्षं काढली. तिथे १९८९ पासून विमानतळ आहे, मोठी इस्पितळं आहेत, आणि संध्याकाळी रस्ता ओलांडायला दहा मिनिटं थांबावं लागायचं. शांततेसाठी घर सोडलं होतं ना आपण? फिलिपिन्समधल्या बोराकाय बेटाचं काय झालं ते आठवा, सांडपाणी समुद्रात जातंय म्हणून २०१८ मध्ये अख्खं बेट सहा महिने बंद ठेवावं लागलं. थायलंडमधला माया बे हा किनारा त्याच वर्षी बंद केला तो २०२२ च्या जानेवारीपर्यंत. जिथे पोचणं सोपं तिथे हेच होणार. आता मी फिलिपिन्समध्ये सिकिहोर बेटावर आहे, सव्वा वर्ष झालं, आणि मला एका दिवसाचाही पश्चात्ताप नाही.

खारटवारा

सिकिहोर?? अहो २०२५ च्या जूनमध्ये तिथे विजेपायी आणीबाणी जाहीर झाली होती, दिवसातले बरेच तास वीजच नाही, ते लिहायचं राहिलं वाटतं.

आणि फिलिपिन्स म्हणजे वादळ. १६ डिसेंबर २०२१ ला ओडेट वादळ तिथल्या सिआरगाव बेटाला धडकलं, त्यानंतर किती काळ लोक अंधारात होते ते तिथल्यांना विचारा. माझं सरळ मत, विषुववृत्ताजवळ जा. पाच अंशांच्या आत चक्रीवादळ जवळजवळ तयारच होत नाही, पृथ्वीच्या फिरण्याचा जो रेटा त्याला गरगर फिरवतो तोच तिथे नगण्य असतो.

आषाढमेघ

वादळ नसेल पण जमीन हलते त्याचं काय? इंडोनेशियातल्या लोंबोक बेटावर ऑगस्ट २०१८ मध्ये भूकंप झाला तेव्हा शेजारच्या गिली बेटांवरून लोक होड्यांना लोंबकळून पळाले. गिलीवर मोटारगाडी नाही, फक्त घोडागाड्या आणि सायकली, म्हणून सगळ्यांना वाटतं स्वर्ग आहे.

आणि शांततेचं बोलताय तर कोंबड्यांबद्दल कोणी बोलणार आहे की नाही? मी फिलिपिन्समध्ये पाच महिने भाड्याने होतो. शेजारी झुंजीचे कोंबडे पाळलेले, तीसेक तरी असतील, प्रत्येकाला उतरत्या छपराचं छोटं खोपटं आणि पायाला दोरी. पहाटे तीनला एक सुरू होतो, मग रांगेने सगळे. कानात बोळे घातले, खोली बदलली, पंखा फुल ठेवला, काही उपयोग नाही. पूल नसलेल्या बेटावरही कोंबडा असतोच, आणि वीज जात असेल तर जनरेटरही असतोच. शांत बेट म्हणजे नेमकं काय शांत, हे आधी ठरवा.

मावळती

तुमचं चालू द्या, पण इतकं घाबरवू नका लोकांना. मी समुईशेजारच्या को फांगान बेटावर टेकडीवर जमीन घेतलीय, ३०+३०+३० अशी ९० वर्षांच्या लीजवर, आणि सुखात आहे. स्वतःची जागा असली की माणूस तिथला होतो, मग वीज, बोट, डास सगळं निभावतं. भाड्याने राहणारेच तक्रारी करत बसतात.

कागदपाहणी

घेतली नाहीये तुम्ही जमीन! कोणाला राग आला तरी चालेल, हे मी प्रत्येक वेळी लिहिणार.

परदेशी भाडेकरूंचे करार तपासायचं काम मी सात वर्षं केलंय. थायलंडमध्ये परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही. लीजची कमाल मुदत ३० वर्षं, आणि तीन वर्षांपेक्षा जास्त असेल तर ती लँड ऑफिसात नोंदवावी लागते, नाहीतर तीन वर्षांच्या पुढे दाद मागता येत नाही. पुढचे दोन ३० हे मालकाने दिलेलं वचन आहे, नोंदलेला हक्क नाही. मालक वारला किंवा त्याने जमीन विकली तर नव्या मालकाने ते वचन पाळावं असं कायदा म्हणत नाही. आणि तुम्ही गेलात तर लीजही संपते, वारसाचं कलम घातलं नसेल तर. चनोट, म्हणजे जमिनीच्या पूर्ण मालकीचा सरकारी कागद, बघितलात का, की खालच्या दर्जाचा कागद दाखवून भागवलं?

कंपनी काढून स्थानिक लोक नावाला भागधारक दाखवायचे, हाही मार्ग कोणी सुचवेल. तो बेकायदा आहे, आणि समुई-फांगानला त्यावर धाडी पडल्यात. फिलिपिन्समध्ये तर १९८७ च्या घटनेतच परदेशी व्यक्तीला जमीन नाही, फार तर कॉन्डो, म्हणजे इमारतीतला फ्लॅट. इंडोनेशियातही पूर्ण मालकी नाही, ठरावीक मुदतीचा वापरहक्क.

मावळती

मी काही अडाणी नाही. वकील लावला होता, पैसे मोजले होते. तुम्ही न बघता माझ्या घराबद्दल असं बोलता, हे योग्य वाटत नाही. टेकडीवरचं ते घर मी आणि मिस्टरांनी एकेक फरशी निवडून बांधलंय.

कागदपाहणी

घर तुमचंच आहे, इमारत परदेशी माणसाच्या नावावर असू शकते. खालच्या जमिनीबद्दल बोलतोय मी. वकील कोणी सुचवला होता?

मावळती

विकणाऱ्याने.

वल्हेकरी

ताई, चिडू नका, पण इथे नवीन लोक वाचतायत आणि "९० वर्षं" वाचून उद्या कोणीतरी आयुष्याची पुंजी घालेल. आमच्या शेजारच्या जोडप्याने घातली होती. मालकाच्या मुलाने नंतर पाण्याची विहीर कुंपणाच्या आत घेतली, कारण करारात विहिरीचा उल्लेखच नव्हता. रोज सकाळी ते दोघं कॅन घेऊन आमच्याकडे पाणी भरायला यायचे, सत्तरीचे लोक, ते मला बघवायचं नाही.

निळी_रेघ

मूळ प्रश्न कुठल्या कुठे गेला. मी कधी म्हटलं जमीन घ्या? मी स्वतः भाड्याने आहे, महिन्याच्या महिन्याला, उद्या पटलं नाही तर दोन बॅगा उचलून निघेन. दूरच्या बेटावर राहायची ही एकच शहाणी पद्धत आहे आणि त्यावर मावळती सोडून इथे कोणाचं दुमत दिसत नाही.

विजेचं खारटवारा म्हणतात ते खरं आहे, ते मी लिहायला हवं होतं. आणि वल्हेकरी, तुमचा रात्री दोनचा प्रश्न मी काल घरमालकिणीला विचारला. मोठ्या इलाजाला समुद्र ओलांडून दुमागेतेला जावं लागतं, आणि वादळाचा इशारा लागला की तटरक्षक दल फेऱ्याच थांबवतं. मग काय करता, विचारलं, तर ती म्हणाली, वाट बघतो. हे एवढ्या सहज म्हणाली की मला रात्री झोप लागली नाही. तरीही मी इथेच राहणार. पण साठीच्या पुढच्या, बीपी-शुगर असलेल्या माणसाला "एटीएमही नसलेलं बेट घ्या" असं मी सांगायला नको होतं, इतकं मान्य.

वल्हेकरी

एवढंच म्हणत होतो.

मावळती

सगळी कागदपत्रं काढून बसले होते. चनोट आहे, अस्सल आहे. पण नोंदणीच्या पानावर ३० च लिहिलंय, उरलेले ६० वेगळ्या खाजगी करारात. वारसाचं कलम नाही. कागदपाहणी, तुमचं बरोबर निघालं, तुमची बोलायची पद्धत बरोबर नव्हती.

कागदपाहणी

पद्धतीबद्दल माफी मागतो. वारसाचं कलम मालक हयात असताना घालून घ्या, आणि ते लँड ऑफिसातल्या नोंदीत चढवा, नुसतं आपसात लिहून ठेवू नका. मालकाशी संबंध चांगले आहेत तोवर हे होतं.

पहिलीखेप

मी त्या "मी पण निघालो"वाल्यांपैकीच. फेब्रुवारीत को फांगान बघायला जाणार होतो, सगळे म्हणतात तेव्हा हवा छान असते. आता वाटतंय छान हवेत बघून काय कळणार. अंदमान समुद्राच्या बाजूला मे ते ऑक्टोबर पाऊस, पण फांगान थायलंडच्या आखाताच्या बाजूला, तिथे नोव्हेंबर सगळ्यात वाईट, असं वाचलं. बरोबर ना? मग नोव्हेंबरचंच तिकीट काढतो. समुईपर्यंत विमान, पुढे फेरी, आणि फेरी बंद पडली तर किती दिवस बंद राहते तेही समुईत बसून मोजता येईल.

मावळती

बरोबर, नोव्हेंबरच. येताय तर आमच्या टेकडीवर या. चढावरचा कच्चा रस्ता दरवर्षी त्याच वळणावर वाहून जातो, स्कूटर खाली लावून चालत यावं लागेल. पायात धरणारी चप्पल आणा.