पळसपापडीनं बकऱ्यांचे जंत पडतात का?

कुहीची बकरीवाली:
घरी 14 बेरारी बकऱ्या आहेत. पोळ्यापासून तीन पिल्लांच्या लेंड्यांत भाताच्या शितांसारखं पांढरं दिसत होतं. सासूबाईंनी पळसपापडी, म्हणजे पळसाच्या बिया, कुटून गुळात गोळी करून दिली, चार दिवसांत शितं बंद! म्हटलं, जमलं. पण काल पाहते तर एका गाभण बकरीच्या जबड्याखाली पाणी उतरलेलं, हाताला थुलथुल लागतं. तिच्या लेंड्यांत कधीच काही दिसलं नाही, म्हणून तिला गोळी दिलीच नव्हती. आता देऊ का? किती?

काटोलकर:
द्या बिनधास्त. सोबत वावडिंगही घाला. झाडपाला आहे, नुकसान थोडंच होणार.

हिंगण्याचा जुना बकरीवाला:
ताई, अजिबात देऊ नका. जुन्या वैद्यकात पळसाच्या बिया गर्भ राहू नये म्हणून देत, अन् हे भाऊ गाभणीला द्या म्हणतात!
ती शितं म्हणजे पट्टकृमीचे तुकडे. दिसतात म्हणून आपण घाबरतो. खरा घातकी जंत लेंडीत दिसतच नाही. तो चौथ्या पोटाला चिकटून रक्त पितो, रक्त पातळ झालं की जबड्याखाली पाणी उतरतं. डोळ्याची खालची पापणी उलटवून पाहा. लालगुलाबी असेल तर थोडा वेळ आहे, कागदासारखी पांढरी असेल तर आजच डॉक्टर. गाभण कितवा महिना ते आधी सांगा, कारण अल्बेंडाझोल हे जंताचं औषध सुरुवातीच्या गाभणीत देत नाहीत.

कुहीची बकरीवाली:
पापणी पांढरीच निघाली बाप्पा. तिसरा महिना चालू आहे. धान्याच्या काट्यावर उचलून तोलली, 31 किलो. मी 25 धरून चालले होते.

हिंगण्याचा जुना बकरीवाला:
बरं केलं तोललं. औषध कमी पडलं की तगडे जंत उरतात, अन् पुढच्या खेपेला तेच औषध लागू पडत नाही. बाकीच्यांच्या ताज्या लेंड्या डबीत भरून नागपुरात सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा, अंडी सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. आणि दव सुकल्याशिवाय चरायला सोडू नका, ओल्या गवतावर अळ्या वर चढून बसतात.

कुहीची बकरीवाली:
डॉक्टर येऊन गेले, औषध पाजलं. सासूबाई विचारतात, उरलेल्या पळसपापडीचं काय करू? सध्या फडताळावर वर ठेवली आहे.