मार्शल जंतू प्यायला, म्हणून सोलर खोटं?

हुरडाप्रेमी:
पोटातला अल्सर टेन्शननं होतो, तिखटानं होतो, असं डॉक्टर छातीठोक सांगायचे. तो जंतूंमुळं होतो हे पटवायला बॅरी मार्शल या डॉक्टरनं १९८४ साली जंतूच पिऊन दाखवले, २००५ ला नोबेल. सोलरचंही तेच होणार बघा. ३३० वॅटची प्लेट मे महिन्यात आमच्या सोलापुरातल्या छतावर कधी ३३० देत नाही. जुनं संशोधन गुंडाळा, पहिल्यापासून सुरू करा.

बाळीवेसकर:
हे वाचून घास गिळवेना, म्हणून लिहितोय. गोष्ट अर्धीच सांगितलीत. मार्शलचा जोडीदार डॉक्टर वॉरन १९७९ पासून जठराच्या बायॉप्सीत ते जंतू बघत होता. मार्शल प्यायला, तर त्याच्या जठराला सूज आली, अल्सर नाही. ती सूज कळली कशानं? एंडोस्कोपी, बायॉप्सी. हत्यारं जुनीच की! त्यानं समजूत मोडली, मोजपट्टी नाही.
आणि प्लेटमागचं लेबल वाचलंय का कधी? तो आकडा प्लेट २५ अंशांवर असतानाचा. आपल्याकडं हवा ४४ ला गेली की प्लेट ६५ गाठते. अंशामागं ०.३५ ते ०.४ टक्के वीज घटते, म्हणजे चौदा-सोळा टक्के तिथंच गेले. चौथीचा गुणाकार आहे, फसवणूक कसली?

कडक_भाकरी:
सोपंय ओ बोलायला. माझ्या वडिलांना अकरा वर्षं दूध-भातावर ठेवलं. शेंगाचटणीचा उखळ-मुसळ माळ्यावर गेला. २००९ ला एका तरुण डॉक्टरनं जंतूची तपासणी केली, दोन आठवडे गोळ्या, खेळ खल्लास. नोबेल मिळून चार वर्षं झाली होती! तुमची मोजपट्टी तेव्हा कुठं होती?

बाळीवेसकर:
कपाटात. हे मान्य.

मागवाला:
संशोधन राहू द्या, वारा खेळू द्या. आमच्या शेडवर कंत्राटदारानं प्लेटा पत्र्याला चिकटवून बसवल्या, खाली बोट जात नाही. शेजाऱ्यानं वीतभर उंच अँगलवर घेतल्या, त्याची युनिटं जास्त पडतात. वर म्हणे प्लेटा धुवा. पाणी कोण देणार? चार दिवसांआड नळ.

जुळे_सोलापूरकर:
बोअरच्या पाण्यानं धुऊ नका. मी धुतल्या, खारे पांढरे डाग बसलेत, निघता निघेनात.

कडक_भाकरी:
चार दिवसांआड? श्रीमंत वस्ती दिसतेय. आमच्याकडं पाच.

मागवाला:
का बे, श्रीमंत? रात्री दोनला मोटर लावायला उठतो मी!

जुळे_सोलापूरकर:
उजनी भरली तरी आपली बादली रिकामीच.

हुरडाप्रेमी:
त्याच उजनीचं पाणी कोळशाच्या वीजकेंद्राला जातं, त्यावर बोला की.

बाळीवेसकर:
बोलतो ना. १३२० मेगावॅटचं केंद्र, वाफ करायला पाणी, थंड करायला पाणी. प्लेटेला एक फडकं पुरतं. तुम्ही सोलरचीच वकिली केलीत, धन्यवाद!

हुरडाप्रेमी:
दुपारी पत्र्यावर चढून फडकं मारून दाखवा, मग हसा.

बाळीवेसकर:
पहाटे चढायचं असतं. तापल्या काचेवर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो.

हुरडाप्रेमी:
बरं, लेबल बघून आलो. २५ लिहिलंय, मुंगीएवढ्या अक्षरात. जिंकलात. पण सोलापुरात विकताना २५ चा आकडा का सांगायचा? इथं प्लेट २५ वर असते ती डिसेंबरात सूर्य उगवायच्या आधी!

बाळीवेसकर:
माहितीपत्रकात दुसराही आकडा असतो, प्रत्यक्ष छतावरचा म्हणून. त्यात हवा २० अंश धरतात.

मागवाला:
म्हणजे महाबळेश्वरचं छत.

बाळीवेसकर:
...हो. इथं मोजपट्टी बदलायला हरकत नाही.

कडक_भाकरी:
आमचं पाणी आलं. पळतो.