सेंटओएस ७ वरून अल्मालिनक्स ९ : आहे तिथेच अपग्रेड की नवे सर्व्हर?

प्रश्न
एचएप्रॉक्सी या लोड बॅलन्सरमागे चार वेब सर्व्हर, शिवाय पोस्टग्रेसक्यूएल १२ चा एक डेटाबेस सर्व्हर, अंदाजे २०० जीबी. सगळे सेंटओएस ७ वर, म्हणजे ३० जून २०२४ पासून सिक्युरिटी पॅच बंद. डाउनटाइम रात्री फार तर दोन तास मिळेल. आहे त्याच मशीनवर अपग्रेड करणारं एलिव्हेट हे साधन वापरावं का? डेटाबेससाठी अल्मा ९ वर स्टँडबाय (जुन्याची सतत ताजी राहणारी प्रत) उभा करून फेलओव्हर करायचा, म्हणजे काम त्याच्यावर वळवायचा विचार आहे.

उत्तर १
फेलओव्हरचा विचार आधी सोडा. स्टँडबाय ज्यावर चालतो ते स्ट्रीमिंग रेप्लिकेशन इंडेक्ससुद्धा जसेच्या तसे उतरवतं. सेंटओएस ७ वर जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.१७ आहे, अल्मा ९ वर २.३४, दरम्यान २.२८ मध्ये मजकुराचा क्रम लावण्याचे नियम बदलले. इंडेक्स जुन्या क्रमाने बांधलेला आणि शोध नव्या क्रमाने, त्यामुळे टेबलात असलेली ओळ सापडत नाही, युनिक इंडेक्स डुप्लिकेट आत घेतो. १२ मध्ये याची वॉर्निंगही येत नाही. कोलेशन (मजकुराचा क्रम लावायचा नियम) ‘सी’, म्हणजे निव्वळ बाइटनुसार असेल तरच यातून सुटका.

लॉजिकल रेप्लिकेशन करा (यात फक्त ओळींतले बदल जातात, इंडेक्स नवा सर्व्हर स्वतः बांधतो), थेट पोस्टग्रेसक्यूएल १६ वर. १२ चा सपोर्टही नोव्हेंबर २०२४ मध्ये संपलाय. वॉल-लेव्हल (वॉल या बदलांच्या नोंदवहीत किती तपशील लिहायचा ते सेटिंग) ‘लॉजिकल’ करून जुना सर्व्हर एकदा रीस्टार्ट करावा लागेल. स्कीमा (टेबलांची रचना) पीजी-डंपने आधी न्या, आणि काम संपेपर्यंत त्यात बदल नको, कारण डीडीएल (रचना बदलणाऱ्या आज्ञा) पलीकडे जात नाही. प्रायमरी की नसलेली टेबलं आधीच शोधा. पब्लिकेशनमध्ये (पाठवायच्या टेबलांच्या यादीत) घेतल्यावर त्यांच्यावरचे अपडेट-डिलीट जुन्या सर्व्हरवरच फेल होतात. सीक्वेन्सही (आपोआप वाढणारे क्रमांक) जात नाहीत. कटओव्हरला, म्हणजे नव्यावर जाताना, लिखाण थांबवा, लॅग (नव्याचं मागे असणं) शून्य झाला की सीक्वेन्स सेटव्हॅलने पुढे न्या, मग ॲप वळवा. नवा सर्व्हर मध्येच बंद पडला तर स्लॉटमुळे (नव्याने कुठवर वाचलं याची जुन्यावरची नोंद) वॉल फाइली साचून जुन्याची डिस्क भरते, तेव्हा तिथे अलर्ट लावाच.

उत्तर २
वेब सर्व्हर नव्यानेच बांधा, अँसिबल या ऑटोमेशन साधनाने. एक नवा कमी वेटवर (थोडाच ट्रॅफिक देऊन) आत घ्या, दिवसभर एरर बघा, मग जुने एकेक ड्रेन करा, म्हणजे नवी कनेक्शन बंद करून रिकामे होऊ द्या. अल्मा ९ ला एक्स८६-६४-व्ही२ सीपीयू लागतो. व्हर्च्युअल मशीनचं सीपीयू मॉडेल जुनं ठेवलेलं असेल तर ती बूटच होत नाही. शिवाय शा-१ (जुनी, कमकुवत हॅश पद्धत) सह्या बंद असल्याने जुन्या बॅकअप मशीनचं एसएसएच अडेल. क्रिप्टो पॉलिसी सैल करून चालतं, पण ती पूर्ण मशीनला लागू होते. जुना क्लायंट बदलणं बरं.

प्रश्नकर्ता
मग एलिव्हेट नकोच?

उत्तर २
जिथे सॉफ्टवेअरचं लायसन्स त्या मशीनलाच बांधलेलं आहे, तिथे वापरा. ७ वरून ८, मग ९, दोन वेगळ्या उड्या. प्रत्येकीआधी स्नॅपशॉट, आणि प्रीअपग्रेड रिपोर्टमधले इनहिबिटर (अपग्रेड रोखणाऱ्या अडचणी) संपेपर्यंत पुढे जायचं नाही. एकाहून जास्त नेटवर्क कार्डं इथ०, इथ१ अशा नावांनी असतील तर एलिव्हेट तिथेच अडतं.

उत्तर १
कटओव्हरनंतर जुना डेटाबेस लगेच पुसू नका, पण ॲपला तिथे लिहूही देऊ नका. परतीची वाट हवी असेल तर लिखाण सुरू होण्याआधीच नव्याकडून जुन्याकडे उलटं सबस्क्रिप्शन (बदल घेणारी जोडणी) लावा, कॉपी-डेटा फॉल्स ठेवून, म्हणजे सुरुवातीची नक्कल न करता, आणि त्याआधी पहिलं सबस्क्रिप्शन काढून टाका. नंतर लावलं तर मधल्या नोंदी जुन्याकडे कधीच पोचत नाहीत.