आदिबंध जन्मजात असतात का?

धागाकर्ता:
युक्का पतंगाच्या मादीला कोणी काही शिकवत नाही. तरी ती एका फुलातले पराग गोळा करते, त्यांची गोळी वळते, दुसऱ्या फुलाच्या अंडाशयात अंडी घालते आणि ती गोळी कुक्षीवर (फुलाच्या पराग घेणाऱ्या टोकावर) दाबून बसवते. १९१९ साली सहजप्रवृत्ती आणि नेणीव (मनाचा जाणिवेपलीकडचा भाग) यांवर बोलताना मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने हेच उदाहरण घेतलं. 'आदिबंध' ही संज्ञाही त्याने तिथेच पहिल्यांदा वापरली. कृतीचा जन्मजात साचा म्हणजे सहजप्रवृत्ती आणि आकलनाचा जन्मजात साचा म्हणजे आदिबंध, असं त्याचं म्हणणं. मला ते पटतं. सगळे प्राणी काहीतरी घेऊन जन्मतात आणि माणूस तेवढा कोरी पाटी, हे कसं मानायचं?

प्रतिसाद १:
पतंगाबद्दल वाद नाही. पण माणसाबद्दलचा पुरावा बघा. झुरिकच्या बुर्गहोल्झली रुग्णालयातल्या एका रुग्णाला सूर्याला लिंग दिसायचं आणि वारा त्यातून येतो असं तो म्हणायचा. त्याच्याशी जुळणारं वर्णन मिथ्र या देवाच्या प्राचीन उपासनेच्या एका ग्रीक संहितेत सापडलं. संहिता छापली गेली १९१० मध्ये, निरीक्षण १९०६ चं, म्हणजे रुग्णाने ती वाचलेली असणं अशक्य, असा युंगचा युक्तिवाद. प्रत्यक्षात १९१० ची आवृत्ती दुसरी होती, पहिली १९०३ ची! ज्या उदाहरणावर सामूहिक नेणिवेची, म्हणजे सगळ्या माणसांत वारशाने येणाऱ्या समान नेणिवेच्या कल्पनेची, एवढी भिस्त होती, तेच असं डळमळीत निघालं.

धागाकर्ता:
ती तारखेची चूक मान्य. पण मनातली तयार चित्रं वारशाने येतात असं युंग म्हणत नाही, फक्त त्यांचा साचा येतो. स्फटिकाचं उदाहरण त्याचंच आहे: अक्षांची रचना द्रावणात आधीपासून सुप्त असते, पण प्रत्येक खडा वेगळा जमतो.

प्रतिसाद २:
याला प्रयोगाचा आधार आहे. १९८० च्या दशकात कुक आणि मिनेका यांनी प्रयोगशाळेत वाढलेल्या, सापाला न घाबरणाऱ्या माकडांना चित्रफिती दाखवल्या. दुसरं माकड सापाला घाबरताना बघून ती सापाला घाबरायला शिकली. फितीत सापाच्या जागी फुलं घातली, तेव्हा मात्र फुलांना घाबरायला शिकली नाहीत. भीती जन्मजात नव्हती, ती शिकण्याची तयारी होती. मला यात युंगचा स्फटिकच दिसतो.

प्रतिसाद १:
सापापुरतं कबूल. पण युंगने सांगितलेल्या 'ज्ञानी वृद्ध' किंवा 'छाया' (स्वतःची नाकारलेली बाजू) या आदिबंधांसाठी असा प्रयोग दाखवा. म्हातारी माणसं प्रत्येक समाजात असतात, त्यांच्याकडे अनुभवही जास्त असतो. मग प्रत्येक समाजाच्या गोष्टींत शहाणा म्हातारा येणारच. त्यासाठी वारसा कशाला हवा?