परब, गावकर की शिरोडकर? (घरच्या ग्रुपवरून)

निलेश: तलाठी ऑफिसात वारस नोंद अडली. जुन्या सातबाऱ्यावर 'भिकू रामा गावकर', आपले सगळे कागद शिरोडकर. म्हणे, हे तुमचेच पणजोबा कशावरून?

संजूआते: आमका गावात अजून गावकारच म्हणतत!

बाळाकाका: खोटं कुणीच लिहिलेलं नाही. मूळचे आपण परब. देवळातला मान म्हणून गावकर. आणि शिरोडकर झालो ते गाव सोडल्यावर. शिरोड्यात राहून कुणाला शिरोडकर म्हणतील? मुंबईत गिरणीत नाव घालताना गाव सांगितलं, तेच चिकटलं.

माधवीवहिनी (पेडणे): आमच्याकडे पण तसंच, तेरेखोल नदी ओलांडली की शिरोडकर. फक्त १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज कागदांत 'श'ला एक्स आणि 'क'ला सी. सासऱ्यांच्या दाखल्यावर एक्स-आय-आर-ओ-डी-सी-ए-आर. एका बँकेत पोरगी हाक मारत होती, "झिरोडकर कोण?" सासरे ढिम्म बसून 😄

रोहन: मग आपले किती नातेवाईक निघतील गोव्यात!

बाळाकाका: थांब. फोंडा तालुक्यातही शिरोडा आहे. दिसला शिरोडकर की आपला, असं नाही.

रोहन: बरं, मग गॅझेट करून सगळ्यांचं एकच आडनाव करूया ना. विषय संपला.

बाळाकाका: गॅझेटने तुझं पुढचं नाव बदलेल. पणजोबांशी नातं त्याने सिद्ध होत नाही. आडनाव शोधूच नका. नाव, बापाचं नाव, सर्व्हे नंबर आणि हिस्सा जुळवा. ती पिढी लिहिणारा विचारील ते सांगायची.

निलेश: तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून कोतवाल बुकाच्या (गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीच्या) पानाचा फोटो मिळालाय. मोडीत आहे. वाचणाऱ्यांनी सांगितलं, "भिकू बिन रामा परब". खाली "सखू कोम भिकू".

पूजा: बिन? कोम?

बाळाकाका: रामाचा मुलगा भिकू, भिकूची बायको सखू. मोडीत शब्द सुटे लिहीत नसत, ह्रस्व-दीर्घही वेगळं नाही. त्यामुळे नाव कुठे संपलं ते संदर्भानेच ठरतं. दुसऱ्या कुणाकडूनही एकदा वाचून घे.

संजूआते: सखू म्हणजे आमची मोठी आजी! देवा म्हाराजा.

निलेश: पण त्यानंतरच्या सातबाऱ्यावर आजोबांचं नावच नाही. थोरल्या आजोबांच्या नावापुढे ए.कु.मॅ.

बाळाकाका: मग बरंच झालं की! एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन एकट्याच्या नावे दिसते, पण तो सगळ्या भावांतर्फे. हा ए.कु.मॅ. शेरा कधी लागला त्याचा फेरफार काढ, त्यात बहुतेक भावांची नावं असतील. तालुक्याला नाही मिळाला तर रत्नागिरीला विचार. सिंधुदुर्ग १९८१ सालचा, जुनं बरंच तिकडे असतं.

पूजा: बाबांच्या शाळेत विचारू का?

बाळाकाका: जनरल रजिस्टरचा उतारा माग, नुसता दाखला नको. आजोबांचा पण मिळाला तर सोन्याहून पिवळं.

निलेश: ओके. पुढच्या आठवड्यात रजा टाकतो. 'परब उर्फ गावकर उर्फ शिरोडकर' असं प्रतिज्ञापत्र करून घेऊ?

बाळाकाका: हो, पण कागद हातात आल्यावर. नुसत्या प्रतिज्ञापत्राला तलाठी विचारणार नाही.

संजूआते: आणि थोरल्या घराक आधी फोन कर रे बाबा. नोटीस गेल्यार कळला तर गणपतीक कोण येवचो नाय.